अनुभव धागा: किशोरांची कादंबरी आणि मोठ्यांची खून-तपासकथा

पुतणीला (वय 15) माझ्या कपाटातली एक खून-तपासाची कादंबरी दिली. दोन दिवसांत परत! "काका, यात कुणालाच धक्का बसत नाही." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. वाचणाऱ्यांनी, लिहिणाऱ्यांनी आपापला अनुभव लिहा. व्याख्या नकोत, प्लीज.

खर्डेघाशी: माझी नायिका 16 वर्षांची, मैत्रिणीचं प्रेत तळ्याकाठी. संपादकांनी खर्डा परत केला, "ही मुलगी निवृत्तीला आलेल्या हवालदारासारखी बोलते." वाचून पाहिलं तर पानोपानी 'तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की…' सोळाव्या वर्षी मागे वळून बघायला मागे असतं काय? सगळी वाक्यं उडवली. मग दुसरा पेच. हिला शवविच्छेदनाचा अहवाल कोण दाखवणार? कुणीच नाही. शेवटी तिने मैत्रिणीची वही उघडली. एका पानापासून अक्षर बारीक होत गेलेलं. ते फक्त तिलाच कळलं, कारण तीन वर्षं त्याच वहीतून गृहपाठ उतरवला होता. पोलिसांना ती वही बाईंडिंगसकट दिली असती तरी ते दिसलं नसतं.

चष्मेवाला: रक्त कमी म्हणजे किशोरांसाठी, हा गैरसमज. एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' 1967 साली आली, लेखिका तेव्हा 18 वर्षांची. त्यात चाकू चालतो, मुलगा मरतो, आणि कुणी मारलं ते तिथल्या तिथे कळतं. उरलेली पानं 'आता आपण काय करायचं' याची. मोठ्यांच्या तपासकथेत हाच प्रसंग शेवटून दुसऱ्या प्रकरणात आला असता.

ग्रंथपाल: मार्क हॅडन यांची मेलेल्या कुत्र्यापासून सुरू होणारी कादंबरी 2003 मध्ये मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा दोन आवृत्त्यांत निघाली. आमच्याकडे एकच प्रत. आठवडाभर ती या कपाटातून त्या कपाटात फिरत होती.

उलटतपासणी: मला हा फरकच पटत नाही. पन्नाशीत किशोरांच्याच कादंबऱ्या वाचतो. खुनी सापडला की मला शांत झोप लागते, पण आईशी अबोला धरलेली पोरगी झोपू देत नाही. बहुधा तपासकथाच मला लहान मुलासारखं थोपटतात.

धागाकर्ता: पुतणीला हे सगळं वाचून दाखवलं. तिने कादंबरी मागून घेतली, एक पान काढलं. मेलेल्या मुलीचा धाकटा भाऊ तिथे इन्स्पेक्टरला पाणी आणून देतो. "याचं पुढे काय झालं?" शेवटपर्यंत चाळलं. तो परत आलेलाच नाही.