मुतखड्याच्या ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) पुन्हा करावं का?

वडील ६४ वर्षांचे, मधुमेह आहे (साखर सध्या आटोक्यात). मूत्रपिंडात अडीच सेंटीमीटरचा खडा, पुढच्या आठवड्यात पाठीतून दुर्बिणीने काढणार आहेत. महिन्याभरापासून स्टेंट (मूत्रवाहिनीत घातलेली बारीक नळी) आहे. कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला, रिपोर्टनुसार लागू पडणारं अँटिबायोटिक सात दिवस दिलं, ते काल संपलं. ताप नाही, जळजळ थांबली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, औषधांची अ‍ॅलर्जी नाही.

लघवी स्वच्छ आली तरी खड्याच्या आत जंतू दडलेले असू शकतात आणि खडा फोडताना ते रक्तात जाऊ शकतात, हे समजल्यापासून धास्ती आहे. सर्जन भेटतील ते थेट भरतीच्या दिवशी. अँटिबायोटिक बदला असं कुणी सुचवू नका, ते त्यांच्यावरच सोडलंय.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना विचारतो: ऑपरेशनआधी कल्चर पुन्हा झालं होतं का, आणि काढलेल्या खड्याचं कल्चर आम्ही आधीच सांगून ठेवावं लागतं का?