कंदिलात पेट्रोल नकोच

रॉकेल मिळत नाही म्हणून कंदिलात टर्पेंटाइनमध्ये थोडं पेट्रोल मिसळून घालायचा जो सल्ला काहीजण देतात, तो कृपा करून कुणी पाळू नका. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) भारतीय मानकानुसार किमान 35 अंश सेल्सिअस असतो, पेट्रोलचा उणे 40 च्या आसपास. तापलेल्या टाकीत चमचाभर पेट्रोलही भडका उडवू शकतं. डिझेल वापरू नका असं म्हणतात, त्याच्याशी मात्र सहमत: काजळी फार, काच बघता बघता काळी होते.

केमिस्टकडच्या लिक्विड पॅराफिनचा (औषधी खनिज तेलाचा) विषय मात्र कुणी काढत नाही. गिरगावात आमच्या घरच्या वातीच्या कंदिलात ते घालून पाहिलं होतं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, पण इतकं दाट की वातीतून वर चढतच नाही. ज्योत बारीक होत जाते आणि शेवटी तेलाऐवजी वातच जळते, टोकाला कडक काळी खपली धरते. शिवाय तशी वात नंतर चांगल्या रॉकेललाही नीट ओढत नाही, ती बदलावीच लागते. पेट्रोमॅक्समध्ये (पंप मारून पेटवायच्या बत्तीत) तर ते मुळीच नको, कारण तिथे इंधनाची आधी वाफ व्हावी लागते. पांढरं (रंग न मिसळलेलं) रॉकेल मिळेपर्यंत कंदील रिकामा ठेवलेला बरा.