मदत हवी आहे : सीटी १६ ला उजेडाचा पल्स देऊनही उंदरांचं जैविक घड्याळ सरकत नाही

उंदीरमामा: सी५७बीएल/६जे जातीचे ८ नर, प्रत्येकाच्या पिंजऱ्यात चाक. दोन आठवडे १२ तास उजेड, १२ तास अंधार. दिवे सकाळी ७ ते संध्याकाळी ७. त्यानंतर सतत अंधार. अंधाराच्या १२व्या दिवशी रात्री ११ वाजता, म्हणजे सीटी १६ ला (सीटी म्हणजे उंदराच्या आतल्या घड्याळाची वेळ, तो धावायला लागतो तो क्षण सीटी १२), १५ मिनिटं पांढरा एलईडी, २०० लक्स. एक ते दोन तासांचा विलंब अपेक्षित होता. पाच उंदीर जेमतेम १०-२० मिनिटं मागे गेले, दोन चक्क पुढे सरकले, ८ नंबर ढिम्म. दृष्टिपटलातलं मेलानॉप्सिनच (घड्याळाला उजेड कळवणारं रंगद्रव्य) कमी असेल का? जनुकतपासणीला पाठवू?

निशाचर: तपासणीचे पैसे वाचवा. मेलानॉप्सिन साफ काढून टाकलेल्या उंदरांतही शिफ्ट (घड्याळाचं सरकणं) घटते, शून्य होत नाही. रॉड आणि कोन या दृष्टिपटलातल्या पेशींचा निरोप मेलानॉप्सिनवाल्याच गँग्लियन पेशींमार्फत एससीएनला (मेंदूतल्या मुख्य घड्याळाला) पोचत राहतो. रॉड, कोन आणि मेलानॉप्सिन ही तिन्ही बंद पाडल्यावरच घड्याळ उजेडाला पूर्ण आंधळं होतं, हे २००३ मध्ये दिसलं.

चूक वेळेत आहे. रात्री ११ म्हणजे सीटी १६ हे फक्त अंधाराच्या पहिल्या रात्री खरं. या जातीचा पिरियड (घड्याळाची एक फेरी) अंधारात सुमारे २३.७ तास, म्हणजे ऑनसेट (धावण्याची सुरुवात) रोज १८ मिनिटं अलीकडे येतो. १२ दिवसांत ३ तास ३६ मिनिटं. म्हणजे पल्सच्या दिवशी उंदीर दुपारी ३:२४ लाच चाकावर चढला होता आणि तो क्षण म्हणजे सीटी १२. तुमचा पल्स पडला सीटी १९.७ च्या आसपास. तिथे विलंबाचा टापू संपत आलेला असतो. सीटी १६ हवा असेल तर तो संध्याकाळी ७:२१ ला होता. आठही जणांचे पिरियड वेगवेगळे काढून सांगा, सरासरी नको.

उंदीरमामा: पाच जणांचे २३.७ च्या आगेमागे. पुढे सरकलेल्या दोघांचे २३.५. आठव्याचा बरोब्बर २४.०.

निशाचर: मग त्या दोघांचं कोडं सुटलं. रोज अर्धा तास, १२ दिवसांत ६ तास. ऑनसेट दुपारी १ ला. रात्री ११ त्यांच्यासाठी सीटी २२. तिथे उजेड घड्याळ पुढेच ढकलतो. उंदीर पाठ्यपुस्तकाबरहुकूम वागले आहेत!

पुढच्या वेळी एकतर प्रत्येकाचा पल्स त्याच्या स्वतःच्या ऑनसेटवरून ठरवा, नाहीतर ७ ला दिवे गेले की त्याच रात्री ११ ला सगळ्यांना एकदम द्या आणि दिवे पुन्हा लावूच नका. दुसरी पद्धत सोपी, पण त्यात अंधारातला आधीचा पिरियड हातात नसतो. म्हणून तसेच उचलून तसेच ठेवलेले, फक्त उजेड न दिलेले उंदीर तुलनेला हवेतच. शिफ्ट मोजायला ऑनसेटांवर रेषा बसवताना पल्सनंतरचे पहिले २-३ दिवस वगळा.

काळोखे: आठव्याबद्दल. सतत अंधारात २४.० म्हणजे त्याचं घड्याळ मोकळं धावतच नाहीये, त्याला कोणीतरी रोज वेळ सांगतंय. त्याचा पिंजरा दारालगत आहे का?

उंदीरमामा: हो, सर्वात खालच्या फळीवर, दाराशी.

काळोखे: मग दाराखालची फट बघा. आत जाऊन दार लावा, १५ मिनिटं नुसते बसा, डोळे सरावले की मान जमिनीपर्यंत खाली नेऊन बघा. उभ्यानं बघून फट दिसत नाही. स्विचबोर्डाचा, चार्जरचा बारीक दिवासुद्धा काळ्या टेपखाली. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी ८५० नॅनोमीटरचे असतील तर अंधुक लाल ठिपके दिसतात, ९४० चे घ्या. लाल टॉर्च उंदराला दिसत नाही हा गैरसमज आहे. प्रखर असेल तर रॉडना पुरेसा दिसतो. उजेड निघाला नाही तर दाणापाण्याची वेळ तपासा. रोज ठरावीक वेळी कोणी आत जात असेल तर वेळ बदलती ठेवायला सांगा.

एक राहिलं : २०० लक्स मोजले कुठे?

उंदीरमामा: रॅकसमोर, पिंजऱ्याबाहेर.

काळोखे: आत, तळाशी, दाण्याच्या जाळीच्या सावलीत मोजा. आकडा बराच खाली येईल. शिवाय लक्समीटर माणसाच्या डोळ्याला, ५५५ नॅनोमीटरला बांधलेला. मेलानॉप्सिनचा कळस ४८० ला. तेवढ्याच लक्सचा पिवळसर २७०० केल्विनचा दिवा मेलानॉप्सिनला पांढऱ्या ६५०० च्या जवळपास निम्माच पडतो. त्यामुळे दिवा मध्येच बदलू नका आणि वहीत लक्ससोबत दिव्याचं केल्विनही लिहा.