सीपीच्या मुलांना व्यायामाच्या जोडीला ॲक्युपंक्चर : द्यावं की नको?

खाडीकाठ :
"सुयो टोचल्यार पोर चलतला काय?" सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा हा प्रश्न, म्हणून धागा काढतोय. माझं मत आधीच सांगतो. ज्या मुलाचा व्यायाम नीट चालू आहे त्याला ॲक्युपंक्चर जोडू नये. सुईपेक्षा सुईपर्यंत पोचण्यात जे खर्ची पडतं, त्याची मला जास्त काळजी आहे.

हिशोब बघा. देवगड तालुक्यातल्या किनाऱ्याच्या वाडीतून कुडाळला आठवड्यातून तीनदा जायचं. पाखाडी उतरून फाट्यापर्यंत मूल कडेवर, मग एसटी, मध्ये एकदा गाडी बदलायची. जाऊन-येऊन चार-पाच तास धरा, म्हणजे आठवड्याला बारा ते पंधरा. त्या वेळात मूल मांडीवर असतं तेही गुडघे एकमेकांवर आलेले, पाठ मागे ताणलेली, टाचा वर, अशा स्थितीत. घरी आल्यावर मूल पेंगतं, आई दमलेली असते आणि उभं राहायची चौकट त्या दिवशी कोपऱ्यातच राहते.

आता त्या चौकटीची किंमत काय? कंबरेचा सांधा (खुबा) जागेवर राहावा म्हणून दोन्ही मांड्या ३० अंश फाकवून रोज तासभर उभं ठेवायला सांगतात. पोटरी आखडू नये यासाठी तार्दिय यांच्या १९८८ च्या अभ्यासात दिवसाला किमान सहा तासांचा ताण लागतो असं दिसलं होतं. हे तास घरातच मिळतात, एसटीत नाही.

कातळसडा :
खाडीकाठ, तुमचा हिशोब अंतराविरुद्ध आहे. तो सुईवर का लावता? मूल व्यायामाला येतंच, त्याच दिवशी, त्याच इमारतीत सुया दिल्या तर जादा अर्धा तास जातो. चीनमधल्या पुनर्वसन रुग्णालयांत सुया आणि व्यायाम एकाच छपराखाली चालतात, ते याचसाठी.

काम कसं होतं तेही सांगतो, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर इंजेक्शन येतं. मुलांसाठी ०.१६ ते ०.२० मिलिमीटर जाडीची, १३ मिलिमीटर लांब, भरीव सुई घेतात. पायाचे नेहमीचे बिंदू तीन : नडगीच्या बाहेरच्या अंगाला जुसानली, फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याच्या पुढे-खाली यांगलिंगछुआन, आतल्या घोट्याच्या वर सानयिनज्याओ. अंतर मुलाच्याच बोटांनी मोजायचं. त्याची चार बोटं जुळवली की तीन छुन (हे चिनी माप). आपल्या बोटांनी मोजलं की जुसानली खाली पोटरीच्या मध्याकडे घसरतो, ही शिकाऊ लोकांची नेहमीची चूक.

हातापायाची सुई टोचायची, फिरवायची, काढायची. ठेवायची नाही. दार आपटलं तरी स्पास्टिक (ताठ स्नायूंचं) मूल दचकून अख्खं ताठ होतं आणि स्नायूत राहिलेली सुई वाकते. ज्या मुलांत हातपाय आपोआप वळवळतात, त्यांच्यात तर सुई ठेवण्याचा विचारही करू नये. डोक्याची पद्धत वेगळी आहे. चीनच्या ज्याओ शुनफा यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या डोक्यावरच्या रेषेवर ती १५ ते ३० अंशात त्वचेखाली आडवी सरकवतात आणि ती वीस मिनिटं राहू शकते. रेषेचा वरचा पाचवा हिस्सा पाय आणि धडासाठी, मधले दोन हातासाठी, खालचे दोन चेहऱ्यासाठी. त्यानंतर ताठरपणा थोडा उतरतो असं आमचं मत आहे, आणि तेवढ्यात फिजिओथेरपिस्टने मूल हातात घ्यावं.

सुरंगी :
"थोडा उतरतो" म्हणजे किती अंश, दादा? हे मोजता येतं, म्हणून विचारते. मुलाला उताणं झोपवा, गुडघा सरळ ठेवा. पाऊल एकदा झटक्यात वर वाकवा, जिथे अडकतं तो आर-वन. मग सावकाश, जाईल तिथवर वाकवा, तो आर-टू. दोन कोनांमधला फरक म्हणजे ताठरपणा. आर-टूच कमी असेल तर स्नायू लांबीलाच तोकडा झालाय. सुईचा परिणाम झालाच तर आर-वनवर होईल. आठ वर्षांचं मूल चवड्यांवर चालतंय आणि पाऊल काटकोनापर्यंतसुद्धा येत नाही, तिथे टप्प्याटप्प्याने बदलायची प्लास्टरं किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला लागतो. अशा मुलाचे सहा महिने सुयांत जाताना बघवत नाही.

दुसरं, चाचण्यांबद्दल. बहुतेक चीनमधल्या, लहान आणि एकाच घडणीच्या आहेत : एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम अधिक सुया. दुसऱ्या गटाला जादा वेळ, जादा हात, जादा आशा मिळते. खोट्या सुयांचा गट क्वचितच असतो आणि तपासणाऱ्यालाही बऱ्याचदा कोण कुठल्या गटात आहे हे माहीत असतं. अशा घडणीत सुयांच्या जागी दुसरं काहीही ठेवलं तरी पारडं त्याच बाजूला झुकतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ही मुलं लहानपणी तशीही पुढे जात असतात. कॅनडात ऑन्टारिओमधल्या ६५७ मुलांचे वाढीचे आलेख २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जीएमएफसीएस म्हणजे हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्या, एक सगळ्यात सौम्य, पाच सगळ्यात गंभीर. त्यात पातळी एकची मुलं हालचालींच्या क्षमतेचा ९० टक्के टप्पा सुमारे पाच वर्षांच्या आसपास गाठतात, पातळी पाचची तीन वर्षांच्या आतच. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाला सुया सुरू केल्या आणि तो बसायला लागला, तर श्रेय सुईचं की वयाचं? पालकांना ते घरबसल्या कळणं शक्य नाही.

आणि डोक्याची ती रेषा. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत इजा बहुतेकदा मेंदूच्या पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागात असते. त्वचेखालच्या सुईशी तिचा काय संबंध, हे कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

कातळसडा :
सुरंगीताई, चाचण्यांच्या घडणीचा मुद्दा मान्य. वयाचाही मान्य. मेंदूच्या इजेपर्यंत सुई पोचते असा दावा मी केला नव्हता आणि जो करेल त्याच्याकडे मूल नेऊ नये असंच मी म्हणेन.

पण मग प्रत्येक मुलावर मोजून बघायला हरकत काय? सहा आठवडे फक्त व्यायाम, सहा आठवडे व्यायाम आणि सुया, पुन्हा सहा आठवडे फक्त व्यायाम. तिन्ही टप्प्यांत व्यायाम तोच आणि तेवढाच. सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवायच्या. उदाहरणार्थ, पाटावर आधाराशिवाय किती सेकंद बसतो आणि लाळेने दिवसात किती लाळेरी भिजतात. आर-वन सुया न देणाऱ्याने मोजायचा, दर वेळी सकाळी, त्याच पलंगावर. मधल्या टप्प्यात फरक दिसला आणि तिसऱ्यात तो पुसला गेला, तर सुईत काहीतरी आहे. तिन्हीत सारखीच चढण असेल तर थांबवायचं. झोप, बद्धकोष्ठ, लाळ यांत फरक पडला तरी त्या घराला तो मोठा असतो.

सुरंगी :
बद्धकोष्ठाला आधी पाणी, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांत पाय टेकवून पॉटीवर बसवणं आणि औषध. लाळेला आधी मान आणि धड सरळ राहील अशी खुर्ची. हे सगळं करून झाल्यावर सुयांकडे वळायला माझी ना नाही. या गोष्टी करायच्या आधीच सुया येतात, तिथे माझा विरोध आहे. अठरा आठवड्यांचा तुमचा आराखडा मात्र चांगला आहे.

भरती :
सुरक्षिततेचं कोणी बोललं नाही, म्हणून लांब लिहितोय.

टाळू भरलेली नसेल तर डोक्याच्या मध्यावर सुई नाही. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, पण वयावर जाऊ नका, बोटाने चाचपून बघा. डोक्यात पाणी साचल्यामुळे शंट (ते पाणी उतरवायची नळी) बसवला असेल तर त्या बाजूला डोकं, कानामागचा भाग, मान, छाती कुठेच नाही. नळी त्वचेखालूनच जाते. यांगलिंगछुआनच्या मागेच फिब्युलाच्या मानेला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते. सुई मागे सरकली आणि मूल झटका मारून वळलं, तर आधीच अडखळणारं पाऊल आणखी लोंबेल. खांद्यावरचे आणि पाठीचे बिंदू कृश मुलांत देऊच नयेत. पातळी पाचच्या मुलाच्या त्वचेपासून फुप्फुस फार लांब नसतं.

फिट्स येणाऱ्या मुलांत सुयांना विजेचा प्रवाह जोडू नये. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर प्लेटलेट्स बघून घ्या. ते औषध त्या कमी करू शकतं आणि मग टोचल्या जागी निळं पडतं. आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट : "सुया सुरू झाल्या, आता गोळ्या बंद करा." बॅक्लोफेन (ताठरपणाचं औषध) अचानक थांबवलं तर ताठरपणा उसळतो, फिट्स येऊ शकतात, भास होऊ शकतात. फिटची गोळी बंद केली तर काय होतं ते सांगायला नको. असं सांगणाऱ्याकडून त्याच क्षणी उठून यावं.

खुब्याबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मुलांचा २००६ चा अभ्यास आहे : खुबा सरकण्याचं प्रमाण एकंदर ३५ टक्के, पातळी एकमध्ये शून्य, पातळी पाचमध्ये ९० टक्के. सरकताना सुरुवातीला दुखत नाही. सुयांनी मांड्या सैल वाटल्या आणि त्या समाधानात वर्षभर एक्स-रे राहून गेला, हे नुकसान सुईच्या खात्यावर कोणी लिहीत नाही. पातळी तीन ते पाचच्या मुलांनी सहा महिने ते वर्षाने खुब्याचा एक्स-रे फोटो काढावा. सुया असोत वा नसोत.

करवंद :
स्प्लिंटच्या बाजूने दोन ओळी. जुसानली आणि यांगलिंगछुआन हे दोन्ही बिंदू बरोबर पायाच्या स्प्लिंटच्या वरच्या पट्ट्याखाली येतात. टोचल्याबरोबर पट्टा आवळू नका, आधी जागा कापसाने दाबून कोरडी करा. आपल्याकडे जून-जुलैत प्लॅस्टिकच्या आत घाम निथळतो, सुती मोजा तासाभरात ओला होतो. पट्ट्याखाली लाल वण उठला आणि वीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्तीला आणा, "सुयांची खूण आहे" म्हणून सोडून देऊ नका. पावसाळ्यात सुयांच्या पाकिटाचा कागदही ओल धरतो. सुटलेलं किंवा डागाळलेलं पाकीट म्हणजे ती सुई निर्जंतुक राहिली नाही. फेकायची.

रातांबा :
सुरंगीताई आणि खाडीकाठ, तुमचं बोलणं तिथे लागू पडतं जिथे फिजिओथेरपिस्ट आहे. किनाऱ्यालगतच्या कितीतरी गावांत मुलाला तज्ज्ञाचा हात लागायला महिने जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झाला, वयोगट जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचाराची केंद्रं. पण मंडणगडच्या टोकाहून रत्नागिरी लांबच. तालुक्यात दर आठवड्याला बसणारा ॲक्युपंक्चरवाला असेल आणि त्याने मूल बघता बघता घरचा व्यायाम कसा चाललाय हेही पाहिलं, तर ते काहीच नसण्यापेक्षा बरं. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. केंद्रानेही २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. नोंदणी क्रमांक विचारा आणि जा.

सुरंगी :
रातांबा, नोंदणीमुळे माणूस शिकलेला आहे एवढं कळतं. सीपीत उपयोग होतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे. आणि "काहीच नसण्यापेक्षा बरं" हे मला पटत नाही, कारण घरात काहीच नाही असं नसतं. पाटाची उंची अशी करा की बसल्यावर तळवे टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. त्यावरून उठणं-बसणं दहा वेळा, दिवसातून तीन खेपा, समोर आवडीची वस्तू ठेवून. जमलं की पाट बोटभर खाली. ओटीच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवलं की खांदे आपोआप पुढे येतात आणि हात मोकळे होतात. मांड्यांमध्ये गोधडीची घट्ट गुंडाळी. भात झोडून झाल्यावर खळं सारवलेलं, सपाट असतं. वॉकरला त्याच्याइतकी चांगली जागा जांभ्याच्या पायऱ्यांच्या घरात दुसरी नाही. हे महिन्यातून एकदा व्हिडिओवर बघून बदलून देता येतं.

खाडीकाठ :
कातळसडा, एकाच इमारतीत, अठरा आठवड्यांचा आराखडा, गोळ्यांना हात नाही, एवढं असेल तर माझा विरोध मागे घेतो. शहरात किंवा रिक्षाच्या अंतरावर राहणाऱ्यांपुरता. वाडीतल्या मुलासाठी मी अजून "नको"च म्हणेन. रातांबा, जो आठवड्याला येतो त्याने सुया न देता नुसता पाट आणि कोपरा बघितला तरी मला चालेल.

रातांबा :
तो तेवढ्यासाठी येणार नाही. त्याच्या पोटाचाही विचार करा.

कातळसडा :
सुयांसाठी येईल तेव्हा किमान एवढं तरी बघा : टोचलेल्या आणि काढलेल्या सुया मोठ्याने मोजतो का. केसांत एक राहून जाते, ती रात्री उशीवर सापडते. आणि वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते की वर्तमानपत्रात.

करवंद :
भरती, खुब्याचा फोटो तालुक्याला काढला तर बऱ्याचदा पुन्हा काढायला सांगतात. पालकांनी तिथे काय सांगावं?

भरती :
मूल उताणं, दोन्ही पाय समांतर, गुडघ्याच्या वाट्या छताकडे. कंबरेत पोकळी राहत असेल तर गुडघ्यांखाली उशी देऊन पाठ टेकवायची. पाय फाकलेले किंवा आत वळलेले असले की सरकण्याची टक्केवारी (मांडीच्या हाडाचं डोकं खोबणीबाहेर किती आलंय ते) चुकते. ती ३० च्या वर असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचं. आधीचा फोटो सोबत न्या, एका फोटोपेक्षा दोघांतला फरक जास्त सांगतो.