दत्तक भावंडं आणि बैठे खेळ: काय जमतं, काय फसतं?

दोघं-तिघं भावंडं एकत्र दत्तक येतात, तेव्हा त्यांची आपापसात आधीच घट्ट फळी असते. आईबाबा आणि घरातलं आधीचं मूल त्यांच्या लेखी नवखे गडी. ही फळी न मोडता तिच्यात जागा कशी करायची? किस्से नकोत, खेळ कोणता, किती वेळ, कुठे बिघडतं, ते लिहा.

---

सुरुवात सहकारी खेळानंच करा, म्हणजे सगळे मिळून जिंकतात किंवा मिळून हरतात असा खेळ. 'हूट आउल हूट' हा पटावरचा खेळ, उजाडायच्या आत घुबडं घरट्यात पोचवायची. चार वर्षांपुढच्या मुलांना जमतो, वाचता यायची गरज नाही. प्रत्येकापुढे तीन पत्ते, उघडे. रंगाचा पत्ता टाकला की घुबड त्या रंगाच्या पुढच्या घरावर उडतं. सूर्याचा पत्ता हातात आला की तो टाकावाच लागतो आणि उजाडत जातं. घुबडं सहा असतात, पण पहिले काही दिवस तीनच घ्या. हरलं तर दोष सूर्याचा, माणसाचा नाही.

---

वरचं पटलं, पण सहकारी खेळात थोरलं मूल सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतं. धाकट्याला सांभाळणं हेच त्याचं काम होतं, ते इतक्यात सुटत नाही. "तू गप्प बस" म्हटलंत तर ते कामच हिसकावल्यासारखं होतं. त्यापेक्षा पत्ते पिसणं, वाटणं त्याच्याकडे द्या, आणि सल्ला मागितल्यावरच द्यायचा हा नियम मोठ्यांसकट सगळ्यांना लावा. आठ वर्षांपुढे 'द माइंड': १ ते १०० आकड्यांचे पत्ते, सगळ्यांनी मिळून चढत्या क्रमानं टाकायचे, बोलणं-खुणा बंद. तिथं कुणी कुणाला शिकवूच शकत नाही.

---

कॅरमच्या दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात. भावंडांची जोडी लावली तर डोळ्यांनी बोलत राहतात, बाकीचे दोघं पाहुणे. थोरलं बाबांबरोबर, धाकटं आईबरोबर असं बसवलं की भावंडं शेजारी येतात: हाताशी आहेत, पण डाव वेगळा. दोन-तीन आठवडे भावंडांची जोडी राहू द्या, मग फोडा. पहिल्याच दिवशी फोडाल तर धाकटं उठून जाईल.

---

लुडो मी उशिरा आणते. मारलेली सोंगटी मुकाट परत जाते आणि सहा पडेपर्यंत बाहेरच बसते. या मुलांना ते झोंबतं. सापशिडीत मात्र सगळ्यांची मिळून एकच सोंगटी ठेवा, फासा पाळीपाळीनं. साप गिळतो तो सगळ्यांना.

---

जेंगात ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढून वर रचायचा. त्याचे ५४ ठोकळे कोसळताना होणारा आवाज काही मुलांना दचकवतो. खाली दुमडलेली चादर घाला. 'ज्यानं पाडलं तो हरला' हा नियम काढा. सगळ्यांनी मिळून किती थर चढले ते मोजा. सुरुवातीला १८ असतात, त्यापुढचा प्रत्येक थर कमाई.

---

थोडं फसवाफसवीबद्दल. फासा हळूच फिरवला तर लगेच पकडू नका, "हा परत टाकूया का?" एवढं पुरे. पट उधळला तर सोंगट्या मोठ्यांनी उचलायच्या, न बोलता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पट पुन्हा मांडायचा. डाव पंधरा-वीस मिनिटांचाच. मुलं "अजून एक" म्हणत असतानाच थांबा. "उद्या" म्हटलंत तर तो उद्या चुकवू नका.