नवरा-बायको, बचत आणि फिलिपाइन्समधला प्रयोग
'बाई पैसा राखते, पुरुष उडवतो' हे विधान मला अजिबात पटत नाही. घरातली बचत कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी विचारायला हवं. अर्थतज्ज्ञ नावा अश्रफ यांचा फिलिपाइन्समधल्या जोडप्यांवरचा प्रयोग (प्रसिद्धी २००९) बघा. मिळालेली रक्कम कुठे ठेवायची, एवढंच ठरवायचं होतं. बायकोला कळणार नसेल तर नवरे ती गुपचूप स्वतःच्या खात्यात टाकत. कळणार असेल तर आधीच खर्चाला लावून मोकळे होत. आणि ठरवण्यापूर्वी दोघांना बोलू दिलं, की तीच रक्कम बायकोच्या खात्यात! बचत बायकोच्या हाती असलेल्या घरांत हे जास्त ठळक दिसलं. जिथे ती नवऱ्याच्या हाती होती, तिथल्या बायकाही तशाच वागल्या.