मदत हवी आहे: साडेतीन महिन्यांची डुकरे अंगच धरत नाहीत

मांगरवाला (धागाकर्ता), २८ ऑगस्ट, रात्री ९.४०
नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यात आमच्या मांगराला (शेतातल्या घराला) लागून मी नऊ डुकरे पाळली आहेत. साडेतीन महिने झाले तरी ती अंग धरत नाहीत. गोव्यातील गिऱ्हाईकाला नाताळात माल देण्याचे कबूल केले आहे आणि त्याला सत्तर किलोंच्या खालचे जनावर नको आहे. दोन्ही वेळचे खाणे पोटभर आहे, पाणी आहे, रोगराई नाही. त्यामुळे खाण्यावर उपदेश नको. भूक आणि वाढ यांसाठी कोणते टॉनिक किंवा इंजेक्शन द्यावे, एवढेच जाणकारांनी लवकर सांगावे.

खाडीकाठ, रात्री १०.१५
पोट भरते असे आपण लिहिले आहे, पण ते कशाने भरते हे लिहिलेले नाही. जात कोणती, आजचे वजन किती, दूध कोणत्या वयात तोडले आणि जंताचे औषध कधी दिले, हे कळल्याशिवाय कोणी टॉनिकचे नाव सांगितले, तर तो अंधारात मारलेला दगड समजावा. माझ्याकडे असेच झाले होते आणि कारण जंतच निघाले. माझ्या मते उद्याच आयव्हरमेक्टिन टोचून घ्यावे.

मांगरवाला, रात्री १०.३२
जात पांढरी. वजन नजरेने पंधरा किलो. दूध दीड महिन्यानंतर तोडले. खाणे म्हणजे कोंडा आणि पेज, घरातले उरलेसुरले असेल तर तेही. जंताचे औषध दिलेले नाही.

माजी_मुंबईकर, रात्री ११.०५
आपला उपक्रम स्तुत्य आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाच्या प्रकल्पाला ५० टक्के भांडवली अनुदान मिळते आणि त्याची कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे. आपण प्रकल्प अहवाल तयार करून अर्ज केल्यास नऊ डुकरांऐवजी शेकड्याने पाळता येतील. मीही निवृत्तीनंतर त्याच विचारात आहे.

मांगरवाला, रात्री ११.१२
दादा, नऊ पोसता येईनात म्हणून मी येथे आलो आहे.

घाटमाथा, २९ ऑगस्ट, सकाळी ७.२०
यात एवढे अवघड काही नाही. आमच्याकडे म्हशींना जे गोळी पेंडीचे खाद्य येते, तेच प्रत्येकी किलोभर द्या. आमच्या म्हशींच्या अंगावर महिनाभरात तकाकी येते.

निवृत्त_पशुवैद्य, सकाळी ८.४५
घाटमाथा यांच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. गाईम्हशींच्या खाद्यात तंतू भरपूर असतात आणि काही वेळा त्यात युरियाही मिसळलेला असतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव त्या युरियापासून प्रथिन तयार करतात. डुकराचे पोट आपल्यासारखे एकाच कप्प्याचे असल्यामुळे त्याला युरियाचा उपयोग नाही आणि एवढा चोथाही पचत नाही. डुकराला प्रथिन आयतेच द्यावे लागते, आणि त्यातही लायसिन हे अमिनो आम्ल पुरेसे असावे लागते. धान्यात आणि कोंड्यात नेमके तेच कमी पडते.

धागाकर्त्यास तीन प्रश्न. आपला कोंडा कोणत्या गिरणीचा आहे? भात उकडा आहे की सुरय, म्हणजे न उकडता सडलेला? आणि पिल्लांच्या कातडीवर काही दिसते का?

बोंडूभट्टी, सकाळी ९.३०
कोंडा विकत घेण्यात पैसा घालवूच नये. माझा मामा हंगामात भट्टीवरचा काजूच्या बोंडूंचा चोथा आणि फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घालतो. एरवी सावंतवाडीच्या खानावळींतून दोन बादल्या उष्टे खरकटे आणतो. त्याची डुकरे हत्तीसारखी आहेत.

मांगरवाला, सकाळी ९.४१
ऑगस्टात बोंडू कुठून आणू?

डॉक्टर, गिरणी गावातलीच, जुनी आहे. भात उकडा. कातडीवर पायांना आणि पोटाखाली थोड्या खपल्या आहेत, पण त्या पावसाच्या ओलीमुळे असाव्यात.

निवृत्त_पशुवैद्य, सकाळी ११.१०
आधी खानावळीच्या बादलीविषयी. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातून आपल्या देशात शिरला. माणसाला तो होत नाही, मात्र डुकरांत तो आला की कळप उरत नाही आणि त्यावर औषध नाही. त्याचा विषाणू डुकराच्या मांसाच्या तुकड्यांत दीर्घकाळ जिवंत राहतो आणि खरकट्यातूनही पसरतो. खरकटे घालायचेच असेल, तर त्यातून डुकराचे मांस वगळून उरलेले अर्धा तास खळखळून उकळावे आणि कच्ची बादली गोठ्याच्या आसपासही आणू नये. शिवाय त्यात एके दिवशी भात असतो, तर दुसऱ्या दिवशी नुसता रस्सा, त्यामुळे त्यातून प्रथिन किती गेले याचा हिशेब कधीच लागत नाही.

आता आपला कोंडा. उकड्या भाताचा कोंडा लवकर खवट होत नाही, सुरय भाताचा पावसाळी हवेत काही दिवसांतच होतो, तेव्हा त्या बाजूने आपण निर्धास्त आहात. मला शंका गिरणीची आहे. जुन्या पद्धतीच्या गिरणीत टरफल आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात. नव्या, रबरी रुळांच्या गिरणीत तूस आधी वेगळे होते आणि मग तांदूळ पॉलिश होताना खरा कोंडा मिळतो. खऱ्या कोंड्यात १२ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते. तुसात जवळजवळ काहीच नसते, उलट सिलिका असते, जी पचत नाही. आपण एक किलो कोंडा रव्याच्या चाळणीने चाळावा आणि वर काय उरते ते वजनासह येथे लिहावे.

मांगरवाला, दुपारी १.५५
चाळला. वर ५५० ग्रॅम उरले. हातात घेतल्यावर ते टोचते.

खाडीकाठ, दुपारी २.२०
म्हणजे आपण निम्म्याहून अधिक टरफल खाऊ घालत होता. तरीही मी जंताचा मुद्दा सोडलेला नाही आणि खपल्या म्हणजे मला खरूजच वाटते. आयव्हरमेक्टिनने दोन्हींचा निकाल लागतो.

निवृत्त_पशुवैद्य, दुपारी ३.०५
दूध तुटल्यानंतर जंताचे औषध द्यायलाच हवे होते, याबाबत मी खाडीकाठ यांच्याशी सहमत आहे. मात्र ते तालुक्याच्या पशुवैद्याकडून वजन सांगून घ्यावे आणि टोचल्यापासून कापेपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, हेही विचारून घ्यावे. खपल्यांबाबत मात्र घाई नको. पिल्ले भिंतीला अंग घासतात का? खरजेत खाज असह्य असते आणि सुरुवात बहुधा कानांच्या आतून होते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की संशय फिटतो. आणखी एक, आपण खाण्यात चुना किंवा शिंपल्यांची पूड घालता का?

मांगरवाला, सायंकाळी ६.४०
अंग घासत नाहीत. कान स्वच्छ आहेत. होय, शिंपल्यांची पूड घालतो. हाडे बळकट होतात असे शेजारच्या काकांनी सांगितले, म्हणून तिसऱ्या मासळीचे शिंपले भाजून, कुटून रोज प्रत्येकाला मूठभर देतो. हे आधी लिहायला हवे होते का?

निवृत्त_पशुवैद्य, रात्री ८.३०
होय. कोंड्यातील फायटेट नावाचे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते आणि त्यावर कॅल्शियमचा भडिमार झाला, की ते जस्त आतड्यातून रक्तात जातच नाही. जस्त कमी पडले की दोन ते चार महिन्यांच्या पिल्लांची वाढ थांबते आणि पायांवर, पोटाखाली कोरड्या, जाड खपल्या धरतात. त्यांना फारशी खाज नसते. याला पॅराकेरॅटोसिस म्हणतात. आपले वर्णन त्याच्याशी जुळते. तपासणी तरीही करून घ्यावी, पण शिंपल्यांची पूड आजच थांबवावी आणि जस्त असलेले खनिज मिश्रण आणावे.

आपण टॉनिक विचारले होते, मी खाद्य सांगतो. सध्याच्या वजनाला प्रथिन १८ टक्के हवे. शंभर किलोंसाठी मक्याचा भरडा ५५, सोयापेंड २५, चाळलेला कोंडा १८, खनिज मिश्रण दीड आणि मीठ अर्धा किलो घ्यावे. पस्तीस किलो वजन झाल्यावर सोयापेंड १८ वर आणून कोंडा २५ करावा, म्हणजे प्रथिन १६ टक्के होते. साठच्या पुढे सोयापेंड १२ आणि कोंडा ३१ पुरतो, तेव्हा १४ टक्के पुरेसे असते. मका बुरशी लागलेला नसावा. आपल्या हवेत पावसाळ्यात पोती जमिनीवर ठेवणे म्हणजे विष पेरणे आहे. पंधरा किलोंच्या पिल्लाला रोज पाऊण किलो, तीस किलोंच्या वेळी सव्वा ते दीड किलो आणि साठ किलोंच्या वेळी सव्वादोन किलोंच्या आसपास द्यावे. बदल एका दिवसात केला, तर हगवण लागेल. सात दिवसांत हळूहळू जुने कमी आणि नवे जास्त करीत जावे.

खाडीकाठ, रात्री ९.१५
सोयापेंडीला एवढा पैसा घालण्यापेक्षा आपल्या किनाऱ्यावर मासळी आहे. मी स्वतः सुक्या मासळीची कुटी घालतो.

निवृत्त_पशुवैद्य, रात्री ९.५०
मासळीचे प्रथिन उत्तम असते आणि लायसिनही भरपूर असते, हे मान्य. पण बाजारातील सुकी मासळी बहुतेक खारवलेली असते आणि पाणी कमी पडले, तर तेच मीठ डुकराच्या मेंदूवर जाते. विणीला आलेली धडधाकट मादी असे झटके येऊन गेलेली मी पाहिली आहे. बिनखारी कुटी मिळाली, तर शेकडा पाच किलो घालावी, मिश्रणातले मीठ वगळावे आणि विकण्यापूर्वी महिनाभर ती बंद करावी, नाहीतर मांसाला मासळीचा वास येतो आणि गोव्याचे गिऱ्हाईक ते पुढच्या वर्षी विसरत नाही. खोबऱ्याच्या पेंडीबद्दलही कोणी विचारेल म्हणून सांगतो: थोडी चालेल, पण लायसिन कमी आणि चोथा जास्त असल्यामुळे ती सोयापेंडीची जागा घेत नाही.

घाटमाथा, ३० ऑगस्ट, सकाळी ७.०५
एवढे गणित करण्यापेक्षा काळी गावठी डुकरे पाळावीत. गोव्यात आगोंद गोवन ही नोंदलेली जातही आहे म्हणतात. ती काहीही खाऊन जगतात.

खाडीकाठ, सकाळी ८.००
जगण्याचा प्रश्न येथे नव्हताच. गावठी डुक्कर काटक असते, पण नाताळात सत्तर किलो तेही देणार नाही. शिवाय ही नऊ आधीच गोठ्यात आहेत, त्यांचे काय करायचे?

मांगरवाला, सकाळी ८.१०
एक हिशेब सांगा. नाताळापर्यंत सत्तर होतील का, आणि एकूण खाद्य किती लागेल? नजरेचा अंदाज चुकत असेल, तर वजन काट्याशिवाय कसे करावे?

निवृत्त_पशुवैद्य, सकाळी १०.२५
पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले ६९.३ म्हणजे वजन किलोंमध्ये. एक किलो वजन वाढायला साधारण साडेतीन किलो खाद्य लागते, म्हणजे पंचावन्न किलो वाढीला एका डुकरामागे सुमारे १९० किलो आणि नऊ जणांना मिळून पावणेदोन टनांच्या आसपास. सत्तर किलोंचे वचन मी देणार नाही. साठ म्हणेन, आणि गिऱ्हाईकाला आताच तसे कळवावे.

मांगरवाला, २४ सप्टेंबर, रात्री ९.१०
सर्वांचे आभार. त्या दिवशी टेपने मोजले तेव्हा घेर ५५ आणि लांबी ७० सेंटीमीटर, म्हणजे १४.७ किलो भरले होते. आज सरासरी २३ आहे. खरवडून तपासले, खरजेचे किडे निघाले नाहीत. जंताचे औषध दिले, खपल्या झडत आहेत. गिऱ्हाईक साठ किलोंना कसेबसे तयार झाले आहे, दर मात्र कमी करून मागतो. आता यांची आई गाभण आहे आणि आजवर तीही त्याच कोंड्यावर होती. तिला काय घालू?

माजी_मुंबईकर, रात्री ९.३५
मी अनुदानाविषयी लिहिले होते, त्यावर आपण विचार केला का?

निवृत्त_पशुवैद्य, रात्री १०.००
नर कोणत्या तारखेला दाखवला?

मांगरवाला, रात्री १०.०८
तारीख लिहून ठेवलेली नाही. नागपंचमीच्या दिवशी एवढे नक्की, कारण त्या दिवशी शेतात नांगर नव्हता आणि मी घरी होतो.

निवृत्त_पशुवैद्य, रात्री १०.४०
तेही पुरेसे आहे. डुकरीण ११४ दिवसांनी विते, म्हणजे देवदिवाळीला. तोवर पस्तीस किलोंनंतरच्या मिश्रणापेक्षा थोडे हलके, चौदा टक्क्यांचे खाद्य रोज दोन ते अडीच किलो द्यावे, शेवटच्या महिन्यात अर्धा किलो वाढवावे. आधीच जास्त घातले, तर ती नुसती चरबी धरेल आणि विताना अडेल. व्यायल्यानंतर सोळा टक्क्यांचे मिश्रण घ्यावे, स्वतःसाठी दोन किलो आणि प्रत्येक पिल्लामागे पाव ते अर्धा किलो अधिक असे वाढवत न्यावे, आणि पाणी सतत समोर असावे, कारण दूध देणारी मादी दिवसाला वीस-तीस लिटर सहज पिते. पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन द्यावे, आठव्या-दहाव्या दिवसापासून आईला न मिळेल अशा कोपऱ्यात वीस टक्के प्रथिनाचा बारीक भरडा ठेवावा. शिंपले नकोत.